दमा असलेलं मूल मैदानावर

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की बालरोगतज्ज्ञांकडे एक ठरावीक मागणी येऊ लागते. 'याला खेळाच्या तासातून सूट द्यावी, एवढं लिहून द्या.' मागणारे आईवडील काळजीपोटीच मागत असतात. मूल पळालं की खोकतं, रात्री छातीत घरघर ऐकू येते, मग कशाला विषाची परीक्षा? चिठ्ठी मिळते, वर्गशिक्षकांकडे जमा होते, आणि बाकीचा वर्ग मैदानावर असताना हे मूल बाकावर बसून सगळ्यांची दप्तरं राखतं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवी चिठ्ठी.

अशी चिठ्ठी मागण्याआधी एवढं लक्षात घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. दम्यामुळे मुलाला खेळता येत नसेल, तर त्याचा उपचार कुठेतरी कमी पडतो आहे. मुलाने रात्री सलग झोपावं आणि दिवसा इतर मुलांबरोबर धावावं, हेच तर या उपचाराचं उद्दिष्ट असतं. जगभर वापरली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं सहा वर्षांपुढच्या मुलांबाबत गेल्या चार आठवड्यांचे चार प्रश्न विचारायला सांगतात. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? रात्री दम्यामुळे जाग आली का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे खेळण्या-वावरण्यावर मर्यादा आली का? एकाचं जरी उत्तर 'हो' असेल, तर दमा पुरता आटोक्यात नाही. आता गंमत नव्हे, धोका पाहा. जे मूल खेळतच नाही, त्याच्या घरी चौथ्या प्रश्नाचं उत्तर हमखास 'नाही' येतं. खेळ बंद केल्याने दमा बरा झाल्यासारखा दिसतो आणि औषधात जो बदल करायला हवा होता तो राहून जातो.

पळताना होतं काय, ते पाहू. एरवी आपण नाकाने श्वास घेतो. नाकात हवा गाळली जाते, कोमट आणि ओलसर होते. जोरात पळताना लागणारी हवा नाकावाटे पुरत नाही, तोंड उघडतं, आणि गार, कोरडी हवा थेट श्वासनलिकांत उतरते. तिला ओलावा देता देता नलिकांच्या अस्तरातलं पाणी कमी होतं. दम्यात हे अस्तर आधीच सुजलेलं असतं. ते कोरडं पडू लागलं की तिथल्या पेशी काही रसायनं सोडतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. म्हणून गार, कोरड्या हवेत सलग सहा-आठ मिनिटं धावणं सगळ्यात जास्त बाधतं, आणि थांबत थांबत खेळायचे खेळ कमी बाधतात.

या त्रासाची वेळ लक्षात ठेवा, कारण तीच खूण आहे. पळायला लागल्या लागल्या तो सहसा होत नाही. पाच-दहा मिनिटं झाल्यावर, किंवा खेळ थांबल्यावर तो सुरू होतो, पुढच्या पाच ते पंधरा मिनिटांत वाढतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. लहान मुलं हे सांगत नाहीत. ती 'पोटात दुखतंय' म्हणतात, नाहीतर नुसती बाजूला जाऊन बसतात. निरोगी मुलालाही पळून धाप लागते, पण थांबल्यावर दोन-चार मिनिटांत ती बसते आणि मागे खोकला राहत नाही.

प्रत्येक धाप दम्याची नसते, हेही सांगायला हवं. आपल्याकडे मुलांमध्ये, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींमध्ये, रक्तक्षय पुष्कळ आढळतो आणि त्यानेही दोन जिने चढताच दम लागतो. वर्षभर बसून राहिलेलं किंवा वजन वाढलेलं मूलही लवकर थकतं. आणखी एक प्रकार स्पर्धेत उतरणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये दिसतो: ऐन जोरात असताना घसा आवळतो, आवाज श्वास आत घेताना आणि गळ्यातून येतो, थांबल्यावर काही मिनिटांत सगळं निवळतं आणि पंपाने काही फरक पडत नाही. तो स्वरयंत्राचा प्रश्न असतो. त्यावर दम्याची औषधं वाढवत नेण्यात काहीच अर्थ नाही. म्हणून निदान पक्कं करून घ्या. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला फुंकर मारायची स्पायरोमेट्री ही तपासणी करता येते. घरी मापायला पीक फ्लो मीटर हे छोटं उपकरण मिळतं. मूल बरं असताना, डॉक्टरांना विचारून आणि पंप हाताशी ठेवून, पळण्याआधी एकदा फुंकर मोजा, सहा मिनिटं पळवा, मग पाच, दहा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आधी २५० आणि नंतर २०० आले, तर घट वीस टक्के झाली. पंधरा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर ते आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. 'पळाला की खोकतो' या वाक्यापेक्षा डॉक्टरांना या आकड्यांचा जास्त उपयोग होईल.

औषधाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण घरोघरी गैरसमज इथेच आहेत. दम्याची श्वासातून घ्यायची औषधं मुख्यतः दोन तऱ्हेची. एक रोजचं, नलिकांची सूज उतरवणारं, अगदी अल्प प्रमाणात स्टेरॉइड असलेलं. दुसरं तातडीचं, आवळलेले स्नायू सैल करणारं. बहुतेक वेळा साल्ब्युटामॉल. मोठ्या मुलांना काही डॉक्टर दोन्ही कामं करणारा एकच पंपही देतात. रोजचं औषध नियमित चालू असेल तर खेळताना होणारा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. पुष्कळ मुलांना मग वेगळं काही लागतच नाही. पण मूल बरं दिसलं की तेच आधी बंद होतं. 'पंपाची सवय लागते' या समजुतीने किती मुलांची बालपणं मैदानाबाहेर गेली असतील, कोण जाणे! सवय लागत नाही. उंचीबद्दल पालक विचारतात, त्याचं खरं उत्तर असं: वर्षानुवर्षं हे औषध घेतलेल्या मुलांच्या अंतिम उंचीत सरासरी सेंटिमीटरभराचा फरक पडू शकतो. माझ्या मते रात्रीची झोप, शाळा आणि खेळ यांच्यापुढे तो फार छोटा आहे. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरायला मात्र विसरू नका, नाहीतर तोंडात बुरशी होते.

आता सिरपकडे या. पंपाला घाबरणारे पालक साल्ब्युटामॉलचं सिरप निर्धास्तपणे पाजतात. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. नेहमीच्या सिरपच्या पाच मिलिलिटरच्या चमच्यात २ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या वीसपट. ते पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर जातं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि नलिकांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो तो वेगळाच. पंपाचं औषध जिथे हवं तिथे थेट उतरतं, आणि तेही थोडक्यात.

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी तातडीच्या पंपाचे दोन फवारे देता येतात. त्यांचं संरक्षण साधारण दोन ते चार तास टिकतं. पण ही रोजची सवय होऊ देऊ नका. रोज रोज घेतल्यास ते संरक्षण उणावत जातं. खेळाच्या दर तासाला, दर सरावाला पंप लागतोय, याचा अर्थ रोजचं औषध कमी पडतंय, चुकीच्या पद्धतीने घेतलं जातंय किंवा घेतलंच जात नाही. डॉक्टरांकडे जाताना पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) बरोबर न्या आणि मुलाला त्यांच्यासमोर तो घेऊन दाखवायला सांगा. निम्मा प्रश्न तिथेच सुटल्याचं पुष्कळदा दिसतं. पंप आधी हलवायचा, स्पेसरला लावायचा, एका वेळी एकच फवारा मारायचा, पाच-सहा सावकाश श्वास घ्यायचे, मग पुन्हा हलवून दुसरा फवारा. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुवून तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसला तर आतल्या भिंतीला विद्युतभार येऊन औषध तिथेच चिकटतं. आपल्याकडे कॅप्सूल फोडून ओढायचं रोटाहेलर बऱ्याच मुलांना दिलेलं असतं. रोजच्या औषधाला ते चालतं, पण त्याला जोराने श्वास ओढावा लागतो, आणि दम लागलेल्या लहान मुलाला नेमकं तेच जमत नाही. पावसाळ्यात त्या कॅप्सूल दमट होतात, तेही पाहा. मैदानावर पंप आणि स्पेसरच असू द्या. तातडीचा पंप कोणता, हे रंगावरून ओळखू नका. नाव वाचा आणि मुलालाही वाचायला शिकवा.

दम्यासाठी माँटेलुकास्टची गोळीही बऱ्याच मुलांना चालू असते. ती सुरू झाल्यापासून मूल चिडचिडं झालं, वाईट स्वप्नं पडू लागली, उदास दिसू लागलं, तर ते डॉक्टरांना लगेच सांगा. या गोळीबाबत हा इशारा अधिकृतपणे दिलेला आहे आणि पालकांपर्यंत तो पोहोचत नाही.

खेळायला उतरण्यापूर्वी अंग गरम करणं दम्याच्या मुलासाठी औषधाइतकंच मोलाचं. मैदानाला एक सावकाश फेरी, हातापायांचे ताण, मग अर्ध्या मिनिटाच्या काही दमदार धावा आणि प्रत्येकीनंतर चालत विश्रांती. असं दहा-पंधरा मिनिटं करावं. पुष्कळ मुलांमध्ये अशा तुकड्या-तुकड्यांच्या धावांनंतर पुढचे एक-दोन तास नलिका तेवढ्या आवळत नाहीत. घंटा वाजली, मुलं वर्गातून सुटली आणि थेट शर्यत लागली, हा प्रकार मात्र टाळावा. थांबतानाही एकदम थांबू नये, पाच मिनिटं चालत राहावं. थंडीत नाकातोंडावर पातळ रुमाल बांधला तरी हवा थोडी कोमट होऊन आत जाते.

खेळ कोणता, हे शक्यतो मुलालाच ठरवू द्या. आवडीचा खेळ टिकतो. तरी हे माहीत असावं. पोहणं दम्याला मानवतं, कारण पाण्यालगतची हवा ओलसर असते. पोहण्याने दम्याच्या मुलांची तंदुरुस्ती आणि फुप्फुसांची क्षमता सुधारते, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातही दिसून आलं आहे. फक्त बंदिस्त तलावात क्लोरीनचा उग्र वास येत असेल, डोळे चुरचुरत असतील, तर तो तलाव सोडा. आपले देशी खेळ या दृष्टीने फार चांगले आहेत. खो-खोच्या नऊ मिनिटांच्या डावात बचाव करणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी उतरतात आणि पाठलाग करणारा खो देऊन खाली बसतो. धाव तीव्र पण तुटक असते. कबड्डीची चढाई तीस सेकंदांत संपते. मल्लखांब, लंगडी, आट्यापाट्या, बॅडमिंटन, टेबल टेनिस, क्रिकेट, सगळं चालतं. फुटबॉल, हॉकी आणि लांब पल्ल्याचं धावणं यांत सलग दम लागतो, म्हणून तिथे औषध आणि पूर्वतयारी चोख हवी. बंदी घालायचं कारण नाही. योगासनांनी शरीर आणि मन दोन्हीला बरं वाटतं, जरूर करावीत. मात्र प्राणायाम सुरू केला म्हणून पंप बंद, असं करू नका. त्याने नलिकांची सूज उतरत नाही. वेगाने श्वास सोडण्याचे प्रकार काही मुलांना उलट खोकला आणतात. खरा धोका आहे तो स्कुबा डायव्हिंगमध्ये. तारकर्लीला सुट्टीत गेलात तर छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला सिलिंडर लावून पाण्याखाली पाठवू नका. गडांवर मात्र खुशाल न्या. कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं आहे. तिथे हवा विरळ होण्याचा प्रश्न येत नाही. पंप सॅकच्या तळाशी न ठेवता मुलाच्या खिशात ठेवा आणि चाल त्याच्या वेगाने ठेवा.

बरेच दिवस बसून असलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सामन्यात उतरवू नये. दहा मिनिटं भराभर चालणं, मग सायकल, मग थोडं धावणं, असं सहा-आठ आठवड्यांत वाढवत न्यावं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर चांगली हालचाल करावी, असं सांगते. दम्याच्या मुलांसाठीही पल्ला तोच ठेवावा. सर्दी-ताप असेल, रात्री खोकून जागरण झालं असेल, सकाळीच छातीत घरघर असेल, त्या दिवशी मात्र सक्तीची विश्रांती.

हवेकडे लक्ष द्यायला आपल्याला अजून शिकायचं आहे. हिवाळ्यात पहाटे सहाचा सराव ही आपल्याकडची जुनी शिस्त, पण त्या वेळी हवा सर्वांत गार असते आणि धूर जमिनीलगत साचून राहतो. प्रशिक्षकांना सांगून दम्याच्या मुलाची वेळ उन्हं वर आल्यावरची किंवा दुपार कलल्यावरची करून घ्या. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवलं जातं, दिवाळीत फटाके, होळीला धूर आणि कोरडे रंग. हे दिवस घरात बॅडमिंटनचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर आपल्या शहराचा हवेचा निर्देशांक पाहता येतो. १०१ ते २०० या आकड्यांना सरकारी भाषेत 'मध्यम' म्हटलं जातं, पण त्याच वर्गाच्या वर्णनात फुप्फुसांचा विकार आणि दमा असलेल्यांना त्रास होऊ शकतो, असं नोंदलेलं आहे. तेव्हा १०० च्या पुढे जपून आणि २०० च्या पुढे घरात. मैदानही पाहा. धूळ बसावी म्हणून पाणी मारलेलं आहे का? फक्की टाकताना हे मूल जवळ उभं नाही ना? पावसाळा संपताना कडेला गाजरगवत फुललेलं असेल तर ते फुलण्याआधीच उपटायला हवं होतं. शाळेला सांगा, गरज पडली तर पालकांनी मिळून करा. गाजरगवताच्या परागांनी अनेकांना शिंका आणि दमा दोन्ही होतात.

शाळेला दम्याबद्दल सांगायला पालक कचरतात, मुलगी असेल तर अधिकच. पुढे लग्नात अडचण येईल म्हणून पंप दप्तरातही ठेवू दिला जात नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण लपवलेला दमा मैदानावर एकटीला गाठतो. वर्गशिक्षक आणि क्रीडाशिक्षक दोघांनाही एका पानावर लिहून द्या: मुलाचं नाव, औषधाचं नाव, कशाने त्रास वाढतो, त्रास झाला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. पंप कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटात नको. तो मुलाच्या कमरेच्या पाऊचमध्ये किंवा मैदानावरच्या शिक्षकांकडे असावा. तळपत्या उन्हात किंवा बंद गाडीत तो पडून राहू देऊ नका, आणि किती फवारे उरलेत त्यावर नजर ठेवा.

झटका आला तर शिक्षकांनी काय करायचं, ते त्या पानावर ठळक लिहा. खेळ थांबवा. मुलाला बसवा, थोडं पुढे झुकलेलं, आडवं करू नका. गर्दी हटवा, एक जण शांतपणे शेजारी थांबा. स्पेसरमधून तातडीच्या पंपाचे चार फवारे, एकेक करून, प्रत्येकाला चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही आराम नसेल तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत असेच चार-चार फवारे देत राहा. मुलाला वाक्य पुरं करता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, ते पेंगुळत असेल किंवा घरघर एकदम थांबूनही श्वास जड असेल, तर वाट न पाहता आधी १०८. छातीला बाम चोळणं, कापूर हुंगवणं, पाणी पाजणं यात वेळ घालवू नका. झटका ओसरला तरी त्या दिवशी पुन्हा खेळ नको आणि डॉक्टरांना दाखवणं राहू नये.

मुलाला उमेद द्यायला खरी उदाहरणं आहेत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी अमेरिकेने आपल्या पथकातल्या ५९७ खेळाडूंची माहिती तपासली, तेव्हा ६७ जणांना व्यायामाने श्वासनलिका आवळण्याचा त्रास होता. त्यांनीच पुढे ४१ पदकं मिळवली. लहानपणी दम्यामुळे डॉक्टरांनी पोहायला लावलेली अमेरिकन जलतरणपटू ॲमी व्हॅन डायकेन १९९६ मध्ये अटलांटाला चार सुवर्णपदकं घेऊन परतली. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला चौदाव्या वर्षी दम्याचं निदान झालं होतं. २००३ मध्ये लंडनला तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि महिलांचा तो जागतिक विक्रम २०१९ पर्यंत टिकला.

तुमचं मूल राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळू लागलं, तर उत्तेजक द्रव्यांच्या नियमांकडे वेळीच लक्ष द्या. श्वासातून घेतलेलं साल्ब्युटामॉल मर्यादेत चालतं: आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सहा फवारे, आणि चोवीस तासांत १६०० च्या आत. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडला मनाई नाही. पण साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि सिरप यांना बंदी आहे, स्पर्धेच्या काळात पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडलाही आहे, आणि टर्ब्युटालिन परवानगीशिवाय कोणत्याही रूपात चालत नाही. औषधांच्या दुकानात सर्दी-खोकल्यासाठी सर्रास मिळणाऱ्या बऱ्याच सिरपांत हेच टर्ब्युटालिन असतं. तेव्हा बाटली उघडण्याआधी तिच्यावरचे घटक वाचा, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर 'हा स्पर्धेत खेळतो' हे औषध लिहून होण्याआधी सांगा.